8 जीबीचा लॅपटॉप, तीन गेम आणि मॉड सांभाळणारे हलके साधन

डिचोलीहून एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे. लॅपटॉप जुना, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर स्कायरिम स्पेशल एडिशन, स्टारड्यू व्हॅली आणि माइनक्राफ्ट. मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेल्या, गेममध्ये बदल किंवा भर घालणाऱ्या फायली, सगळे हाताने, म्हणजे झिप उघडून गेमच्या फोल्डरात ओतलेले. मध्यंतरी अपडेट आले आणि आता स्कायरिम ‘आवृत्ती जुळत नाही’ म्हणत सुरूच होत नाही, स्टारड्यूच्या काळ्या खिडकीत लाल ओळींची रांग लागते. मॉड सांभाळणारे आणि आपोआप अपडेट करणारे एकच हलके साधन हवे आहे.

आधी थेट उत्तर देतो. तिन्ही गेमना मिळून एक साधन शोधू नका. स्कायरिमला मॉड ऑर्गनायझर 2 घ्या, स्टारड्यूला स्मॅपी (मॉड गेममध्ये चढवणारा लोडर) आणि त्याच्या जोडीला मॉड सांभाळणारे स्टारड्रॉप, माइनक्राफ्टला प्रिझम लाँचर. साधने सगळी फुकट आहेत, त्यांचा सोर्स कोड खुला आहे. माइनक्राफ्टचे स्वतःचे विकत घेतलेले खाते मात्र लागेल. आणि आपोआप अपडेट कुठेही चालू ठेवू नका. तुमच्या मागणीतला हा भाग मी सरळ नाकारतो आहे, म्हणून त्याची कारणे नीट सांगायला हवीत.

पण त्याआधी ‘हलके’ या मागणीकडे पाहू. फोंड्यात माझ्याकडे मशीन घेऊन येणारी बहुतेक मुले टास्क मॅनेजर उघडतात आणि कोणते साधन किती रॅम खाते ते दाखवतात. ते मोजमाप इथे फारसे उपयोगाचे नाही. उदाहरण व्होर्टेक्सचे घ्या. ते नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटचे स्वतःचे साधन आहे आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेले आहे, म्हणजे त्याच्या पोटात अख्खे क्रोमियम ब्राउझर असते. कागदावर ते जडच. पण व्होर्टेक्स मॉडच्या फायली हार्ड लिंकने, म्हणजे प्रत न काढता एकच फाइल दोन ठिकाणी दाखवून, गेमच्या फोल्डरात जोडून ठेवते. एकदा जोडल्या की साधन बंद करून खेळता येते. मॉड ऑर्गनायझर 2 याच्या उलट चालते. ते गेमच्या फोल्डराला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या वेगळ्या फोल्डरात राहतो आणि गेम सुरू करताना सगळे एकत्र असल्याचा आभास गेमपुरता उभा केला जातो. त्यामुळे खेळताना ते उघडेच ठेवावे लागते, पण ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असल्याने त्याचा भार जाणवत नाही. म्हणजे जे जड ते बंद करता येते आणि जे उघडे ठेवावे लागते ते हलके आहे. रॅमवर निवड करायची गरजच उरत नाही.

तुमची खरी अडचण डिस्कची आहे. हार्ड लिंकला जागा दुप्पट लागत नाही, पण त्यासाठी मॉडचे फोल्डर आणि गेम एकाच पार्टिशनवर असावे लागतात, आणि ते पार्टिशन विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचे हवे. बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीची असेल तर तिथे हार्ड लिंक होतच नाही. मॉड ऑर्गनायझरला ही अट नाही. जागा खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे उतरवलेल्या मूळ झिप फायली. दोन्ही साधने त्या जपून ठेवतात, म्हणजे उघडलेला मॉड आणि त्याची बांधलेली गाठोडी अशा दोन प्रती होतात. या झिप बाहेरच्या डिस्कवर हलवा, पण पुसू नका. जुनी आवृत्ती लेखकाने साइटवरून काढून टाकली तर तुमच्याकडची झिप हीच शेवटची प्रत असते.

आणि हलकेपणाचा सगळ्यात मोठा वाटा साधनात नसून टेक्स्चरमध्ये, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांमध्ये असतो. 4096 बाय 4096 चे एक टेक्स्चर आजच्या नेहमीच्या बीसी7 पद्धतीने दाबले तरी 16 एमबी होते, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून 21 च्या आसपास. तेच 1024 बाय 1024 चे घेतले तर दीड एमबीच्या आत. बाजू अर्धी केली की वजन एक चतुर्थांश होते, हे साधे गणित आहे. तुमच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे ही टेक्स्चर तुमच्या त्या 8 जीबी रॅममध्येच येऊन बसणार. तुमच्या पडद्यावर डोंगराचे 4के टेक्स्चर आणि 1के टेक्स्चर यांतला फरक डोळ्यांना दिसणारही नाही. मॉडच्या पानावर 1के किंवा ‘परफॉर्मन्स’ असा पर्याय असेल तर तोच उतरवा. साधन बदलून जेवढे मिळणार नाही तेवढे एवढ्याने मिळते.

आता मुद्द्याकडे येतो. मॉड सांभाळणाऱ्या साधनाचे पहिले काम नोंद ठेवणे आहे. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखी: कोणती फाइल कुठून आली, कोणत्या मॉडची, कोणती आवृत्ती, आणि ती आली तेव्हा तिच्या जागी आधी काय होते. ही वही असेल तर कोणताही मॉड जसा आला तसा परत जातो. तुम्ही हाताने झिप ओतत गेलात तेव्हा नेमकी ही वही लिहिली गेली नाही. दोन मॉडनी एकाच नावाची फाइल आणली तर दुसरीने पहिली पुसून टाकली, आणि आता दुसरा मॉड काढला तरी पहिला दुरुस्त होत नाही. त्यामुळे कुठलेही नवे साधन निवडताना मी एकच चाचणी घेतो. एक मॉड घालतो, त्यावर दुसरा चढवतो, मग दुसरा काढतो. पहिल्याची फाइल जशीच्या तशी परत आली तर साधन कामाचे. नाही आली, तर ते कितीही देखणे असो, ते फक्त झिप उघडून देणारे यंत्र आहे.

या चाचणीत मॉड ऑर्गनायझर निर्विवाद पास होते, कारण तिथे कुणी कुणावर चढतच नाही. डाव्या यादीत खाली असलेल्या मॉडची फाइल गेमला दिसते, वरच्याची झाकली जाते, पण दोन्ही जागेवर असतात. स्टारड्यूमध्ये स्मॅपीची रचनाच अशी आहे की प्रत्येक मॉड आपल्या फोल्डरात राहतो आणि गेमच्या मूळ फायली बदलत नाहीत. एखादा मॉड तात्पुरता बंद करायचा असेल तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब लावा, स्मॅपी त्याच्याकडे पाहणार नाही. याहून हलके साधन मला तरी माहीत नाही. जुन्या एक्सएनबी पद्धतीचे मॉड मात्र गेमच्या मूळ फायलींच्या जागी बसतात. ते तुमच्याकडे असतील तर काढा.

आता अपडेट. नवी आवृत्ती म्हणजे चांगली आवृत्ती, हे फोनच्या अ‍ॅपने लावलेले वळण मॉडच्या जगात घात करते. इथे तीन गोष्टी एकमेकींवर उभ्या असतात: गेमची आवृत्ती, मॉड गेममध्ये चढवणाऱ्या मधल्या लोडरची आवृत्ती, आणि मॉडची आवृत्ती. यांतली एक हलली की वरचे सगळे डळमळते. नोव्हेंबर 2021 मध्ये स्कायरिमची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली तेव्हा गेमची मुख्य फाइल नव्याने कंपाइल झाली आणि कोणता कोड तिच्यात कुठे आहे ते पत्ते बदलले. एसकेएसई या स्कायरिमच्या लोडरवर चालणारे मॉड त्या पत्त्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे ते एका रात्रीत बंद पडले. कित्येक जण त्यानंतरही 1.5.97 या जुन्या आवृत्तीवर ठाम राहिले आणि मजेत खेळत राहिले. फॉलआउट 4 च्या बाबतीत एप्रिल 2024 च्या मोठ्या अपडेटने तेच केले. स्टारड्यूची 1.6 आवृत्ती मार्च 2024 मध्ये आली तेव्हाही ढीगभर मॉड नव्याने लिहावे लागले. तुमचे स्कायरिम आज जे सांगते आहे ते हेच: गेम पुढे गेला, एसकेएसई मागे राहिले.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चररायझर नावाचा व्हायरस पसरला. कर्सफोर्ज आणि बुकिट या साइटवरच्या काही खात्यांतून बाधित फायली चढवल्या गेल्या. तो ब्राउझरमधल्या कुकी आणि डिस्कॉर्ड-माइनक्राफ्टची लॉगिने चोरत होता आणि मशीनवरच्या इतर जार (जावा प्रोग्रामच्या) फायलींतही शिरत होता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला स्टीमवरच्या डाउनफॉल या मॉडच्या निर्मात्यांचे खाते फोडून त्यातून माहिती चोरणारा प्रोग्राम वाटला गेला. अशा वेळी आपोआप अपडेट चालू ठेवलेल्या माणसाला तो सर्वांत आधी मिळतो. आठवडाभर थांबणाऱ्याला नुसती बातमी मिळते. मॉड म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा अनोळखी माणसाचा कोड आहे. तेव्हा साधनाने नवी आवृत्ती आल्याचे सांगावे, काय बदलले ते दाखवावे, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबावे.

सांगण्याचे काम ही साधने चोख करतात. स्टारड्यूच्या प्रत्येक मॉडमध्ये मॅनिफेस्ट नावाची एक जेसन फाइल असते. तिच्यात मॉडची ओळख, आवृत्ती, त्याला लागणारे इतर मॉड आणि अपडेट कुठे पाहायचे याची किल्ली असते. गेम सुरू होताना स्मॅपी ती वाचून कोणाची नवी आवृत्ती आली आहे ते काळ्या खिडकीत दुव्यासकट लिहिते. त्या लाल ओळींना घाबरू नका, शांतपणे वाचा. बहुतेक वेळा तिथे स्वच्छ लिहिलेले असते की अमुक मॉडला तमुक मॉड हवा आहे आणि तो सापडत नाही. प्रिझमची पद्धत वेगळी आहे. जार फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढायचा आणि मॉडरिंथ या मॉडच्या साइटला विचारायचे, ही कोणाची? फाइलचे नाव तुम्ही काहीही ठेवलेले असो, ओळख पटते.

नेक्ससच्या बाबतीत एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नसती शोधाशोध वाचेल. फुकट खात्यावर तिथला मॉड प्रत्येक वेळी साइटवर जाऊन बटण दाबूनच उतरवावा लागतो. बाहेरच्या साधनाला नुसती चौकशी करता येते, परस्पर फाइल घेता येत नाही. तेव्हा ‘नेक्ससचे शेकडो मॉड एका क्लिकवर फुकट अपडेट’ असे सांगणारे काही दिसले तर ते घेऊ नका.

तुम्हाला पायथन येत असेल तर स्वतःचे छोटे साधन लिहिणे अजिबात अवघड नाही, आणि मी ते करायला मनापासून सुचवेन, कारण त्याने या सगळ्याची समज येते. एका जेसन फाइलीत मॉडची यादी, आवृत्ती, दुवा आणि हॅश ठेवा. गिटहबवर असलेल्या मॉडची ताजी आवृत्ती गिटहबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठीच्या चौकशी-खिडकीला विचारा. टोकन न देता तासाला 60 विनंत्या मिळतात, तुम्हाला त्या भरपूर झाल्या. मागच्या उत्तरातला ईटॅग (त्या उत्तराची खूण) जपून पुढच्या वेळी तो सोबत पाठवला तर बदल नसल्यास 304 एवढेच इवलेसे उत्तर येते, मोबाइलचा डेटा वापरत असाल तर याचे महत्त्व कळेल. आवृत्त्यांची तुलना अक्षरांनी करू नका. अक्षरांच्या हिशेबात 1.10 हे 1.9 च्या आधी येते, म्हणून टिंबावर तोडून प्रत्येक आकडा वेगळा ताडायचा. माइनक्राफ्टपुरते असे तयार साधन हवे असेल तर फेरियम पाहा. रस्टमध्ये लिहिलेले आहे, खिडकी नाही, चित्रे नाहीत, टर्मिनलमध्ये चालते.

स्वतः लिहिताना सर्वांत जास्त काळजी अदलाबदलीच्या क्षणाची घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय चालते ते वेगळे सांगायला नको. सत्तरीपासून पेडण्यापर्यंत कुठेही माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेली, लाइट गेली की राउटर गेला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावालाच असते. अशा वेळी साधन जुना मॉड पुसून नवा अर्धा उघडून बसले असेल तर दोन्ही गेले. म्हणून क्रम असा ठेवा. फाइल आधी वेगळ्या जागी, अर्धवट असल्याची खूण असलेल्या नावाने उतरू द्या. पूर्ण झाली की हॅश ताडा. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून अर्धी उतरलेली झिप बहुतेक वेळा उघडतच नाही, पण त्या भरवशावर राहू नये. मग ती नव्या फोल्डरात उघडा. आता जुन्या फोल्डरचे नाव बदलून बाजूला करा आणि नव्याला त्याचे नाव द्या. एकाच ड्राइव्हवर नाव बदलायला क्षणही लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी जुना किंवा नवा यांपैकी एक मॉड शाबूत सापडतो. विंडोज काही माहिती थोडा वेळ मेमरीतच धरून ठेवते, म्हणून लाइट आल्यावर पहिल्यांदा हॅश पुन्हा ताडून घ्या. जुने फोल्डर दोन-चार वेळा खेळून झाल्यावरच पुसा.

यात स्टारड्यूची एक खोच आहे. मॉडच्या तुमच्या आवडीनिवडी त्याच्याच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत असतात. जुने फोल्डर पुसून नवे ठेवले तर त्या जातात, आणि नवे जुन्यावर ओतले तर काढून टाकलेल्या जुन्या फायली तशाच पडून राहतात. बरोबर रीत अशी की नवे फोल्डर स्वच्छ ठेवायचे आणि फक्त कॉन्फिग फाइल जुन्यातून आणायची. स्टारड्रॉप ही काळजी घेते.

स्टीम वर्कशॉपबद्दल थोडक्यात. वापरायला सोपे आहे, पण ते मॉड आपोआप पुढे नेते आणि जुन्या आवृत्तीवर थांबायची सोय बहुतेक गेममध्ये देत नाही. युरो ट्रक सिम्युलेटर 2 खेळणाऱ्यांना मात्र एक सोय आहे, स्टीमच्या बीटा यादीतून गेमचीच जुनी आवृत्ती निवडता येते. गोव्याच्या कदंबा बससेवेच्या रंगाची बस घालून खेळायची असेल आणि तो मॉड जुना असेल, तर गेमला मागे न्या.

चवथीला घरात सगळी भावंडे जमतात आणि पाच लॅपटॉपवर एकच माइनक्राफ्ट खेळायचे ठरते, त्यासाठीही प्रिझम उपयोगी पडते, म्हणून तेही सांगतो. लॅनवर खेळताना नवे ब्लॉक किंवा वस्तू आणणारे मॉड सगळ्यांकडे एकाच आवृत्तीचे हवेत. सोडियमसारखे फक्त चित्राचा वेग वाढवणारे मॉड ज्याच्या त्याच्या मर्जीचे असले तरी चालतात. प्रिझममध्ये प्रत्येक जोडणी (गेमची एक आवृत्ती आणि तिचे मॉड) स्वतंत्र फोल्डरात असते आणि ती झिप करून देता येते. एमआरपॅक या प्रकारात दिली तर फाइल लहान होते, कारण तिच्यात मुख्यतः दुवे आणि हॅश असतात, पण मग प्रत्येकाला मॉड स्वतः उतरवावे लागतात. गावच्या घरी नेट रडत असेल तर पूर्ण झिप पेन ड्राइव्हवर न्या. पेन ड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसणार नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि जावा तपासा: माइनक्राफ्ट 1.20.5 पासून 1.21 च्या आवृत्त्यांपर्यंत जावा 21 लागते, 1.18 पासून त्याआधीच्या आवृत्त्यांना 17. घरातल्या घरात असे वाटणे ठीक आहे. दुसऱ्याचे मॉड एकत्र बांधून नेटवर चढवायचे असतील तर प्रत्येक लेखकाची परवानगी पाहावी लागते.

आता तुमच्या लॅपटॉपवर काय करायचे ते. सर्वांत आधी तिन्ही गेमच्या सेव्ह फायली बाहेर काढून ठेवा. स्टारड्यूच्या अ‍ॅपडेटात असतात, स्कायरिमच्या डॉक्युमेंट्समध्ये, माइनक्राफ्टच्या गेमच्या फोल्डरातच. स्मॅपी चालू असेल तर ते रोज एकदा सेव्हची प्रत काढते आणि शेवटच्या 10 ठेवते, ते फोल्डरही उचला. मग स्कायरिमच्या डेटा फोल्डराची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, गेम स्टीममधून काढा, उरलेले फोल्डर हाताने पुसा आणि नव्याने उतरवा. स्टीमची ‘फायली तपासा’ सोय इथे पुरणार नाही. ती हरवलेल्या मूळ फायली परत आणते, तुम्ही ओतलेल्या जादा फायली तशाच ठेवते. गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, वेगळ्या स्टीम लायब्ररीत ठेवा, तिथे विंडोजच्या परवानग्यांची कटकट नसते. अपडेटच्या पर्यायात ‘सुरू करतानाच अपडेट करा’ निवडा आणि पुढे गेम कायम मॉड ऑर्गनायझरमधून, एसकेएसईच्या लोडरवरून सुरू करा. गेमच्या आवृत्तीला जुळणारेच एसकेएसई घ्या, नंतर मॉड एकेक करून, प्रत्येकानंतर गेम उघडून पाहत.

स्कायरिमचा जुना सेव्ह पुढे चालवायचा असेल तर त्यात जे स्क्रिप्ट असलेले मॉड होते ते सगळे परत घालावे लागतील. त्यांच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये मुरलेल्या असतात, मॉड नसला तरी त्या मागे उरतात आणि पुढे कुठेतरी गेम अडकतो. कोणते मॉड होते ते आठवत नसेल तर बाहेरच्या डिस्कवरच्या त्या प्रतीतल्या ईएसपी (मॉडच्या मुख्य) फायलींची नावे पाहा, बहुतेकांचा माग लागेल. माग नाही लागला तर नवा खेळ सुरू करा. स्टारड्यूचे शेत आणि माइनक्राफ्टचे जग मात्र वाचवता येईल. माइनक्राफ्टमध्ये मॉड गेला की त्याचे ब्लॉक जगातून नाहीसे होतात, म्हणून जगाची प्रत काढल्याशिवाय मॉड कमी करून ते जग उघडू नका.

प्रिझममध्ये रॅमची मर्यादा 4 जीबीच्या वर नेऊ नका, तुमच्या 8 मधले उरलेले विंडोजला आणि ग्राफिक्सला लागते. सोडियम, लिथियम आणि फेराइटकोर हे तीन आधी घाला, मग बाकीचे.